काकूंचा गेलेला विमा

आई,

आमच्या किचनमधली एक मऊ पोळी खरी कितीला पडते, याचा हिशेब मी आज पहिल्यांदा मांडला. कणीक, तेल, गॅस, डबा हे सगळं मला तोंडपाठ आहे, ते सोड. त्यात एका बाईचे गुडघे धरायचे राहिले होते. लेकीचं लग्न तिनं पोळपाटासमोर फोन टेकवून पाहिलं, चिमूटभर तांदूळ अक्षता म्हणून स्क्रीनवर टाकले आणि मग ते वेचून पुन्हा बरणीत ठेवले, तेही राहिलं होतं. आणि तिची मूत्रपिंडं, ज्यांनी आता हळूहळू काम सोडायला घेतलंय.

तू गेलीस तेव्हा मी अमेरिकेचा नकाशाही धड पाहिला नव्हता. आता मी ईडन प्रेरीला राहतो. मिनियापोलिसच्या बाहेरचं गाव, सहा महिने बर्फ, आणि तुझ्या अमरावतीच्या खानावळीत भांडी विसळत वाढलेला तुझा पोरगा इथल्या निम्म्या मराठी घरांना डबे पुरवतो. लोकांना मी ऐटीत सांगतो की, हे किचन नाही, घर आहे; इथं हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाची मला खडान्खडा माहिती आहे. कोणाच्या पोरानं कुठला विषय घेतला, कोणाची सासू कधी येणार, सगळी. कान तर माझे तुझ्यावरच गेलेत. तू कोनाड्याकडे तोंड करून भाकऱ्या थापायचीस आणि मागे पंगतीत कोणाचा घास घशात अडकतोय ते तुला न बघता कळायचं.

ती बाई म्हणजे आमच्या पोळ्या लाटणाऱ्या काकू, आपल्याच भागातल्या, वर्ध्याजवळच्या. भाचीच्या बाळंतपणासाठी व्हिजिटर व्हिसावर आल्या. बाळ चालायला लागलं, भाचीचं कुटुंब टेक्सासला गेलं, आणि काकू गेल्या नाहीत. लेकीचं नर्सिंगचं शिक्षण अर्धं होतं, घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. व्हिसाची मुदत संपली ती संपलीच. इथल्या मंडळींनी त्यांना कधी काही विचारलं नाही. आपल्या लोकांत काकू म्हटलं की कागद लागत नाही. ज्याला त्याला घडीची पोळी हवी होती, आणि काकूंचं लाटणं चालायला लागलं की अगदी तालात चालायचं. मी ऑफिसात बसून ते ऐकत असे. लाटणं थांबलं नाही म्हणजे सगळं ठीक.

मध्ये एक बरा काळ आला. राज्यानं कागद नसलेल्या लोकांनाही आरोग्य विमा खुला केला. मी स्वतः काकूंना गाडीत घालून घेऊन गेलो, त्या आत गेल्या, मी बाहेर चहा पीत बसलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, बीपी धरलं, मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. काकू परत येताना गाडीत हसत होत्या. ‘भाऊ, त्या बाईनं माह्या पायाले हात लावून पाह्यलं. आपल्याकडं डॉक्टर दुरूनच बोलते.’ गुडघ्यांसाठी दुकानातल्या दुखण्यावरच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, एवढं त्यांना बजावलं होतं. का, ते काकूंना नीटसं कळलं नव्हतं आणि मी विचारलं नाही.

मग राज्यात वाद पेटला. एक बाजू म्हणे, खर्च आवरत नाही. दुसरी म्हणे, ताप कागद बघून चढतो का? माझ्या काउंटरवरही तेच. एक पुण्याचा पोरगा आहे, चांगला कंपनीत मॅनेजर, दर शुक्रवारी वीस पोळ्या नेतो. तो म्हणाला, ‘काका, माझा प्रीमियम परत वाढलाय. आधी खिशातून भरायचं डिडक्टिबल ऐकाल तर चक्कर येईल. मी ग्रीन कार्डच्या लाइनीत म्हातारा होणार, आणि जे लाइन तोडून आले त्यांना स्टेट फुकट विमा देणार? हे फेअर आहे का यार?’ मागे एक नागपूरची बाई उभी होती, इथल्याच दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, ‘अरे, ते शेवटी इमर्जन्सीतच येतात ना. तेव्हा आम्ही घेतोच. वेळेवर दाखवलेलं स्वस्त की मरायला टेकल्यावर आणलेलं?’ तो म्हणाला, ‘मॅडम, दया तुमच्याकडे, टॅक्स माझ्याकडे.’ सगळे हसले. मीही हसलो, गिऱ्हाईक आहे. आणि निघताना त्यानं आत डोकावून आवाज दिला, ‘काकू, आज पोळ्या एकदम सॉफ्ट! आई येतेय पुढच्या महिन्यात, काय आणू सांगा!’ तो वाईट नाही गं. त्याचं म्हणणंही खोटं नाही. फक्त कोणाबद्दल बोलतोय ते त्याला माहीत नव्हतं, आणि काकूंचं लाटणं मात्र त्याच्या बोलण्याभर थांबलं होतं.

शेवटी तडजोड झाली. मुलांचा विमा ठेवला, मोठ्यांचा काढला. आपला विमा गेल्याचं काकूंनी मला सांगितलंही नाही. मला कळलं ते लाटण्यावरून. ताल मोडला होता. दोन फेरे, थांबा, एक फेरा, थांबा. मध्ये श्वास. मी आत गेलो तर त्यांनी पाय टेबलाखाली ओढून घेतले. मोज्यांच्या काठावर सुजेची वळी. तूही अशीच पाय पदराखाली घ्यायचीस. एक दिवस चूल बंद ठेवली तर पोरं दुसऱ्या खानावळीत जातील म्हणून दवाखाना पुढं ढकलत गेलीस, आणि मग ढकलायला दिवस उरले नाहीत.

तेव्हा मी आपल्या लोकांची नेहमीची वाट धरली. इथं कोणाचेही आईवडील भारतातून आले की बॅगेत लोणचं, गोडा मसाला आणि सहा महिन्यांच्या गोळ्या येतात. मी ग्रुपवर टाकलं, काकूंचे गुडघे फार दुखतात, कोणी येत असेल तर बघा. काय सांगू तुला, माणसं धावली. त्या मॅनेजर पोराच्या आईनं तर स्वतःच्या गुडघ्यांच्या गोळ्यांमधून पट्ट्या काढून दिल्या, म्हणाल्या, ‘घ्या हो, मला रामबाण लागू पडली.’ काकू उभ्या राहायला लागल्या. लाटण्याला ताल आला. मला वाटलं, सरकारनं काढून घेतलं ते आम्ही भरून काढलं.

मागच्या आठवड्यात त्या नर्स बाईला पोळपाटाशेजारी पट्टी दिसली. तिचा चेहराच उतरला. ‘काका, ही कोणी दिली? किडनीच्या पेशंटला ही? रोज?’ रोज, दोन वेळा. ती काकूंशी हळू बोलत राहिली, मग मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘यांना आजच्या आज हॉस्पिटलला न्या. उद्या नको.’

पण हे दिवस कसले आहेत ते तुला ठाऊक नाही. शेजारच्या मेक्सिकन दुकानाच्या पार्किंगमध्ये, कागद नसलेल्यांना धरून नेणाऱ्या सरकारी माणसांच्या काळ्या काचांच्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. त्या दिसल्या की गल्लीतले लोक शिट्ट्या फुंकतात, एकमेकांना सावध करायला. आमचा भांडी घासणारा माणूस असाच एका सकाळी शिट्टी ऐकून मागच्या दारानं गेला, तो आलाच नाही. विम्यात नावं लिहिलेल्यांचे पत्ते वर दिल्लीला, म्हणजे इथल्या दिल्लीला, मागवलेत असंही बोलतात. खरं-खोटं कोण सांगणार? मी काकूंना म्हटलं, चला, इमर्जन्सीत कोणाला नाकारत नाहीत. काकू हात धूत होत्या. म्हणाल्या, ‘नाई नाकारत, मले ठाऊक हाय भाऊ. आत घेतेच. बाहेर कोन उभं हाय, ते कोन पाह्यते?’ मी म्हटलं, मी उभा राहतो. त्या हसल्या. ‘तुम्ही कायले? तुमचं किचन हाय. उद्या पाहू. आजच्या शंभर पोळ्या तं होऊ द्या.’

तुला आठवतं का, खानावळीतलं एक पोरगं खोलीत तापानं कण्हत असल्याचं मी जिन्यावरून ऐकून आलो आणि मोठ्या हुशारीनं तुला सांगितलं? तू पोळी परतत म्हणालीस, ‘आयकलं ना तुनं? मंग मले कायले सांगतं? जा त्याच्यापाशी.’ आणि हातात पेजेचा गडू दिलास.

त्या दिवशी मी काकूंना संध्याकाळी नेहमीसारखं सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाही. फोन बंद आहे. त्या सकाळी आमच्या बाजूला बराच वेळ शिट्ट्या वाजत होत्या; पण म्हणून काही ठरवता येत नाही, त्या रोजच वाजतात. नर्स बाईनं तिच्या ओळखीच्या दवाखान्यांत विचारलं, त्या नावाची कोणी बाई आलेली नाही. तो मॅनेजर पोरगा शुक्रवारी आला, मी त्याला सगळं सांगितलं, अगदी सगळं. त्यानं काढलेलं पाकीट परत खिशात ठेवलं. मग किल्ली हातात घेऊन म्हणाला, ‘काका, चला, मी ड्राइव्ह करतो. राहतात कुठं त्या?’

आई, मी त्यांना नेहमी सिग्नलपाशी सोडायचो. ‘इथंच सोडा भाऊ’ म्हणायच्या, मी सोडायचो. पुढं एकसारख्या विटांच्या इमारती आहेत, खूप. मी मुद्दामच कधी विचारलं नाही. उद्या कोणी मला विचारलं तर खरंखुरं ‘माहीत नाही’ म्हणता यावं, एवढी अक्कल मी वापरली होती. पोरगा गाडी चालू करून वाट बघत होता.

काकूंचं घर कुठं आहे, मला माहीत नाही.