ओट्यावरून मेलबर्नला

निर्मळ,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

लाडक्या मेलिसा बाय,

तुला, जावईबापूंना आणि पोटातल्या पाहुण्याला आईचे खूप खूप पापे. देवाच्या दयेने इथे सगळं ठीक आहे. केळी भरात आहेत, तगरीच्या कळ्या रोज खुडते, गुडघे कुरकुर करतात पण ऐकतात.

फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हो हो’ म्हणत राहते. काय सांगायचं होतं ते मागून आठवतं. म्हणून आज कागद घेतला. थॉमसकाका फोटो काढून तुला पाठवेल.

तिकीट पोचलं. फक्त जाण्याचं आहे, ते पाहिलं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी गंमत ऐक. थॉमसकाकाने मोबाइलवर बघून सांगितलं, मुंबई ते मेलबर्न पावणेदहा हजार किलोमीटर, थेट विमानाला बारा तास. वर मलाच विचारतो, “वहिनी, बारा तास एका जागी बसवेल तुला?” त्याचंही बरोबर आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून मला बसलेली कोणी पाहिलीय? पप्पा म्हणायचे, फेलिशिया फक्त चर्चमध्ये मिस्सेत बसते, तेही प्रवचनापुरती.

म्हणून शनिवारी सराव केला. सकाळी मिस्सेला जाऊन आले, ओट्यावर पप्पांची खुर्ची मांडली आणि सातला बसले. शेजारच्या क्रिस्टीनाला हवाईसुंदरी नेमलं. मोरीत जायला तेवढं उठायचं, विमानातही तेवढी मुभा असते म्हणे.

मासळीवाली सेलिन पाटी घेऊन आली, ती मला पाहून दारातच थबकली. “फेलिशियाबाय, बरं नाय का?” फुलं न्यायला आलेल्या विनयाने तर कपाळाला हात लावून पाहिला. दुपारपर्यंत तीन घरांतून पेज आली. संध्याकाळी बायका रोझरी घेऊनच हजर. मी हसत सांगतेय, अगं, मी विमानात आहे, तरी त्यांनी माझ्या प्रकृतीसाठी प्रार्थना केलीच.

मला इतकं छान वाटलं बाय. पप्पा गेल्यापासून तू म्हणतेस, आई तिथे एकटी, आता कायमचीच ये. मलाही अधूनमधून एकटं वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी मला एकटं बसायला पाच मिनिटंही मिळाली नाहीत.

मी येणार हे पक्कं. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला, तुला ऊन ऊन जेवण करून वाढायला माझ्याशिवाय कोण आहे? तीन महिने राहीन, चार म्हणालीस तर चार. पण घराला कुलूप घालून कायमची नाही येणार. रागावू नकोस. फोनवर हे तोंडातून निघत नव्हतं, तुझा आवाज ऐकला की मी विरघळते.

संध्याकाळी सात वाजले तशी क्रिस्टीनाने टाळी वाजवली. “उतर फेलिशिया, मेलबर्न आलं.”

मी उठले नाही. तिला म्हटलं, थांब, अजून तासभर. थॉमसकाका म्हणाला होता, तिकडून येताना वारा समोरून असतो, तेरा तास लागतात.

तेराही बसले. परतीचं तिकीट काढ.

तिकडे येणारी आणि इकडे परतणारी,
तुझी आई