दारावरचा फोटो

मार देल प्लाता,
शनिवार सकाळ

प्रिय एवारिस्तो,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही, कुणी आजारी नाही, आणि तुझी मांजर माझ्यापेक्षा जास्त जेवते आहे. समुद्रावरून असा वारा सुटलाय की परवापासून एक बाई केस करून घ्यायला फिरकली नाही. केलेले केस कोपऱ्यापर्यंतसुद्धा टिकणार नाहीत, मग पैसे कोण घालवणार? तेव्हा दुकानातल्या खुर्चीत मीच बसलेय, कडू माते-चहाची नळी तोंडात आणि कागद मांडीवर. सवड आहे म्हणून लिहितेय असं समज. ते काही खरं कारण नाही, पण आधी सगळं नीट वाच, शेवटावर उडी मारू नकोस. तुला ती सवय आहे.

इकडचं म्हणशील तर, पाहुणे गेले की हे गाव कसं होतं ते तुला सांगायला नको. समोरच्या उंच इमारतीत एकच दिवा लागतो, तोही पहारेकऱ्याचा. बंदरात परवा चिमुकल्या मासळीचा ढीग आला आणि अख्ख्या गल्लीला तळणाचा वास सुटला. वरची झुलेमा गुडघ्याने बेजार आहे, पण जीभ ठणठणीत. रोज खाली येते, माझा माते-चहा पिते आणि मलाच अक्कल शिकवते. तुझं नाव निघालं की म्हणते, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, देल्मिरा, आणि तुझा तर मेला तरी उठून आकडा लावायला जाईल. तुझी बाजू तरी मी कुठल्या तोंडाने घेणार?

आता मुद्द्याचं. मे महिन्यात तू नेकोचेआहून विचारलंस, घरी परत येऊ का. मी कळवलं, ऑगस्ट सरेपर्यंत विचारू नकोस, आणि मी बोलावल्याशिवाय आपल्या रस्त्यावर पाऊल टाकू नकोस. ऑगस्टच का, ते सांगितलं नाही. आज सांगते. दोन वर्षांपूर्वी तू कॅसिनोत जाऊन स्वतःवरच बंदी घालून घेतलीस. सही केलीस, फोटो दिलास, हा इसम दिसला तर आत सोडू नका असं स्वतःबद्दलच सांगून आलास. ती बंदी या गुरुवारी संपत होती. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं, फक्त आपण दोघंही बोललो नाही. आणि खरं सांगू का, बंदी होती तोवर तू गेला नाहीस यात मला फारसं कौतुक वाटत नव्हतं. कुलूप असलं की सगळेच साव असतात. कुलूप निघालं की तू काय करतोस ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तू आत शिरलास तर तुला नाही म्हणून कळवायचं आणि मांजर झुलेमाला देऊन टाकायची, इथपर्यंत मी ठरवून ठेवलं होतं.

म्हणून गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप घातलं, निळा कोट चढवला आणि निघाले. झुलेमा म्हणाली, एकटी गेलीस तर तू त्याला मारशील, मी येते धरायला. वाटेत वाऱ्याने आम्हा दोघींची दैना केली. समुद्रकाठच्या रांब्लावर चिटपाखरू नव्हतं, ते दगडी समुद्रसिंह तेवढे आपले बसलेले आणि त्यांच्या आडोशाला एक चुरोवाला. झुलेमाने तिथेच गरम तळलेले चुरो घेतले, म्हणे रिकाम्या पोटी हेरगिरी होत नाही.

त्या पायऱ्या चढताना मी मध्येच थांबले रे. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला आपण इथेच आलो होतो, आठवतं? तेव्हा टायशिवाय पुरुषांना आत घेत नसत. तू बंदरातून थेट आलेला, दारावरच्याने तुला त्यांच्याकडचा भाड्याचा टाय दिला, तपकिरी, त्यावर कुणाचं तरी सूप सांडलेलं. हाताला मासळीचा वास येऊ नये म्हणून तू लिंबं चोळून आला होतास. आपण एका टेबलाशी उभे राहिलो, तू माझ्या वयाच्या आकड्यावर लावलंस, हरलास आणि हसत मला बाहेर घेऊन आलास. त्या संध्याकाळी मी फार सुखात होते. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. त्या जागेचा मी इतका राग करते, तो त्यामुळेच जास्त आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण एकदा लिहून टाकू दे, म्हणजे माझ्या पोटातून जाईल. मी तांदिलला बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. परत येऊन दुकान उघडलं तर केस वाळवायची दोन्ही यंत्रं जागेवर नाहीत, भिंतीवर नुसते त्यांचे डाग. शनिवार होता. लग्नाची मुलगी डोक्याला गुंडाळ्या लावून बसलेली आणि मी तिला हाताने पंखा घालतेय. यंत्रं तू विकून कॅसिनोत घातलीस त्याचं काही नाही, ती नंतर घेता आली. पण तू म्हणालास की चोर आले होते, आणि मी तुझ्याबरोबर पोलीस चौकीत जाऊन बसले, त्या खोट्याच्या शेजारी, हातात हात घालून. ते मला लागलं. घरातून जा म्हणाले ते त्यासाठी. तू बंदी घालून घेतलीस ती त्यानंतरच्या आठवड्यात, हेही मी विसरलेले नाही.

असो. आत गेलो आणि दाराच्या काचेतून पायऱ्या दिसतील असं टेबल धरलं. नुसतं बसून राहिलं तर लोक बघतात, म्हणून झुलेमाने रंगीत चकत्या घेतल्या. मी म्हटलं, कशावर लावतेस? म्हणाली, बावीस, वेड्याचा आकडा, तुझ्या नवऱ्याच्या नावाने. चाक फिरवणारी मुलगी हसू दाबत होती. बावीस काही लागला नाही. झुलेमा म्हणाली, बघ, नावाचासुद्धा उपयोग नाही मेल्याचा. पुन्हा लावला, पुन्हा गेला. माझं लक्ष तिकडे नव्हतंच. दार हललं की मी मान वळवून बघायचे. म्हातारी जोडपी आली, खलाशी आले, एक बाई छत्री उलटी झालेली घेऊन आली. तू येत नव्हतास. मला वाटायला लागलं की तू यायचाच नाहीस, आणि मी सुटकेचा श्वास टाकून कॉफी मागवली.

आणि तू आलास.

आधी मी ओळखलंच नाही. टोपी घातलेला कुणी बारकासा माणूस पायऱ्या चढत होता. मग तू खांदा वर करून कोट सारखा केलास आणि माझ्या हातातली कॉफी बशीत सांडली. मिशी नाही. लग्नाआधीपासूनची मिशी, आणि नाहीशी. चेहरा उघडा पडल्यासारखा, ओठ माझ्या आठवणीपेक्षा पातळ. माझ्या डोक्यात एकच आलं, हा तोंड बदलून आलाय. झुलेमाने माझा दंड घट्ट धरला. म्हणजे तिलाही तेच वाटलं.

तू दारावरच्या माणसाशी बोलत होतास. काचेतून शब्द येत नव्हते, पण तुझे हात दिसत होते. तू टोपी काढलीस, तोंड पुढे केलंस, ओठावर बोट ठेवून काहीतरी दाखवलंस. तो मान हलवत होता. तू पुन्हा समजावलंस. मला दिसत होतं ते एवढंच, की माझा नवरा आत सोडा म्हणून गयावया करतोय. एवारिस्तो, त्या क्षणी मी तुला सोडलं होतं, मनातून पार सोडलं होतं. मग तू वळलास आणि पायऱ्या उतरून गेलास. मी उठले. झुलेमा म्हणाली, जाऊ दे, बाई, आता काय राहिलंय. म्हटलं, चार शब्द तरी ऐकवून येते, ते माझे राहिलेत.

बाहेर आले तर तू नव्हतास. दारावर बायगोरिया होता, तोच, ज्याच्या बायकोचे केस मी करते. मी त्याच्यावरच खेकसले, काय मागत होता तो? बायगोरिया गोंधळला. म्हणाला, सेन्योरा, अशी गंमत मी जन्मात बघितली नाही. म्हणाला, लोक इथे मिशा काढून येतात, केस रंगवून येतात, एक तर भावाचा चष्मा लावून आला होता, सगळे आत शिरायला. हा विचारतो, तुमच्याकडे माझा फोटो आहे तो मिशीवाला आहे, आता मी मिशी काढलीय, तुम्ही मला ओळखणार कसे? नवा फोटो कुठे द्यायचा? मी त्याला म्हटलं, बाबा, तुझी मुदत संपली, तू आत जाऊ शकतोस. तर म्हणतो, तेच तर, बंदी पुन्हा घालायची आहे, आणि या वेळी नीट ओळखू येईन असा फोटो लावा. बाजूच्या कचेरीत पाठवला त्याला.

मी कचेरीच्या खिडकीपर्यंत गेले. तू पांढऱ्या पडद्यापुढे बसला होतास. हाताला थुंकी लावून केस बसवलेस, कॉलर वर घेतलीस. ती पोरगी हनुवटी वर करायला सांगत होती आणि तू पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ. मी वाऱ्यात उभी राहून रडले, चांगली घळाघळा. झुलेमा मागून आली, तिनेही डोकावून बघितलं, आणि बराच वेळ नाक पुसत राहिली. मग म्हणाली, केस कुणी कापलेत त्याचे, खाटकाने? मी आत गेले नाही. मी बघतेय हे तुला माहीत नव्हतं, आणि तसंच राहू द्यावं असं वाटलं.

तू बाहेर पडलास तेव्हा आम्ही भिंतीआड झालो. आता पत्राचं खरं कारण. तिथून आपलं घर हाकेच्या अंतरावर. कोपऱ्यावर तू थांबलास, आपल्या रस्त्याकडे बघितलंस, बराच वेळ बघितलंस. मला वाटलं, येतोय. आणि तू कॉलर वर करून बसस्थानकाकडे निघून गेलास, कारण मी बोलावल्याशिवाय यायचं नाही असं मीच तुला बजावलं होतं. तर एवारिस्तो, मी बोलावतेय. उद्या नाही, पुढच्या रविवारी सकाळच्या बसने ये. मी रावियोली करणार आहे, झुलेमा जेवायला असणार, तिचे टोमणे मुकाट्याने ऐकायचे. तुझे केस मी नीट कापून देईन. आणि येताना तुझी मोठी बॅग आण, लहान नको.

तुझीच, हे लिहिताना हात जरासुद्धा अडला नाही,
देल्मिरा