डावीकडचा घोडा

बारामती
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप आप्पा यांस,

राजीचा पाया पडून नमस्कार. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. कॉलेजात परीक्षेची धांदल चालू आहे, पेपर तपासून मान मोडून आली. काकींचा गुडघा कसा आहे? विजयसिंहाबरोबर तेल पाठवलंय, ते चोळायला सांगा, कपाटात ठेवायला नको. तुमची शुगर वाढली म्हणे. माझ्यामुळं वाढली, असंही तुमचे चिरंजीव म्हणाले. तेवढं मी मान्य करणार नाही. चहात दोन-दोन चमचे साखर काय मी येऊन घालते?

त्यानं तुमचा निरोप दिला. बिचारा चप्पल न काढता दारातच उभा राहिला आणि एका दमात बोलून गेला, "आप्पा म्हणत्यात, पुस्तकातनं ते प्रकरण काढ. न्हायतर दसऱ्याला सोनं घेऊन आपल्या दारात यायचं न्हाय." मग आत आला, पोहे खाल्ले, आणि "ताई, काढून टाक की, कशाला घरात भांडण," असं स्वतःच्या मनानं वर जोडलं.

आप्पा, मी प्रकरण काढणार नाही. आणि दसऱ्याला येणार. दार लावून घ्यायचं तर खुशाल घ्या, मी अंगणात बसेन. काकी तिथं पुरणपोळी आणून देतील, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, "आमाला शिकवू नगंस" म्हणून ठेवून देता. पत्र मधेच तोडता येत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

लोणी भापकरच्या सोनबा मिस्त्रीच्या मागं मी चार वर्षं आहे. आपल्या भागात ठासणीच्या बंदुका मागणीप्रमाणं करून देणारा हा परवान्याचा कारागीर. त्याच्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्याचा फोटोसुद्धा नाही. बंदुकीच्या दस्त्याखाली, म्हणजे खांद्याला टेकतं त्या लाकडाखाली, तो बाभळीचं पान कोरायचा, एवढीच त्याची सही. ते पान शोधत मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दारोदार फिरले. लोकांना आधी वाटायचं मी पोलिसांकडून आले.

त्याची पद्धत ऐका. गिऱ्हाईक स्वतः आल्याशिवाय तो लोखंडाला हात लावायचा नाही. माणसाला अंगणात उभं करायचा, हातात काठी द्यायचा आणि म्हणायचा, डोळं मीट, काठी खांद्याला लाव, आता डोळं उघड. उघडल्यावर काठी जिथं असेल तशी बंदूक. हात आखूड असला तर दस्ता आखूड. लोणीतच एका घरात एवढा वाकडा दस्ता पाहिला, की घरचे म्हणत होते पावसात भिजून पिळवटला. तो पिळवटलेला नव्हता. त्यांच्या पणजोबांची मान बैलानं मारल्यापासून वाकडी होती, म्हातारीनं मागच्या खोलीतून ओरडून सांगितलं. सोनबा मिस्त्रीची बंदूक बघितली की माणूस कसा होता ते कळतं. माझं सगळं पुस्तक एवढ्यावरच उभं आहे.

आता आपली बंदूक. नळी बुजवलेली, बैठकीत वर टांगलेली, खंडेनवमीला खाली उतरवून जिची तुम्ही हळदकुंकू लावून पूजा करता ती. आपल्या दादासो आजोबांनी अंथुर्ण्याच्या माळावर पिसाळलेला लांडगा मारला तो हिनंच. ही गोष्ट मी तुमच्या मांडीवर बसून ऐकली आहे, आणि तुमच्याइतकी ती कुणाला सांगता येत नाही. फक्त एक बारीक गोष्ट. चाप ओढला की ठिणगीच्या टोपीवर आपटतो तो घोडा सगळ्या बंदुकांना उजवीकडं असतो. आपल्या बंदुकीला डावीकडं आहे. का, तर "सोनबा लई प्यायचा, पिऊन उलटा बसवला." दरवर्षी हे ऐकून आपण सगळे हसायचो. मीही हसले आहे.

सोनबाची लेक छबूबाई अजून आहे. दात गेलेत, पण वाणी खणखणीत. तिला मी विचारलं, तुमचे वडील प्यायचे का हो? म्हातारीनं मला उठवायचंच बाकी ठेवलं. "माळकरी मानूस त्यो! कोन म्हनतंय प्यायचा? त्याला आन माज्यासमोर!"

मी तुमचं नाव सांगितलं नाही. माझ्यावर तेवढे उपकार माना.

मग शांत झाली आणि म्हणाली, "डाव्या घोड्याची एकच केली बानं. अंथुर्ण्याची बाई हुती. आपली आपण चालत आलेली. तोंड भाजलेलं, भिवई जळालेली. सासऱ्याची बंदूक डाव्या खांद्याला लावून झाडली, उजवीकडचा घोडा तोंडाम्होरं आला, ठिनगी तोंडावर उडाली. बानं काठी दिली, तर हिनं डाव्या हातानं उचलली. मग लाजली आन हात बदलाय लागली. बा म्हनला, हात नको बदलू पोरी. बंदूक मी बदलतो."

आप्पा, हे ऐकून मी तिथंच रडले. का रडले ते पुढं लिहिते.

आजीच्या गालावरचे बारीक काळे ठिपके आठवतात? फोडणी उडाली म्हणायचात ना तुम्ही? ती फोडणी नव्हती.

आणि तुमच्याच तोंडची गोष्ट आठवून बघा. "पौषातली थंडी, दात वाजत होते, कोकरं कुडाला चिकटून बसलेली." बरोबर? दिवाळी झाली की आपली मेंढरं कोकणात उतरायची, आणि आजोबा त्यांच्याबरोबर. परत यायचे ते उन्हाळ्यात. मग पौषात अंथुर्ण्याच्या माळावर लांडगा मारायला ते काय उडत आले? माळावरच्या वाड्यावर मागं कोण असायचं? लहान कोकरं, तान्ही पोरं आणि बनाबाई. तुमची आई.

आजोबांना मी खोटं ठरवत नाही. परवाना त्यांच्या नावावर. बाईनं बंदूक झाडली असं फौजदारापुढं निघालं असतं तर बंदूक जप्त आणि आजोबा आत. म्हणून पंचांनी त्यांचं नाव सांगितलं असणार. तेव्हा शहाणपणाचंच होतं ते. मीही तेच केलं असतं. पण आता आजीला कोण धरून नेणार आहे? ती जाऊनही वीस वर्षं झाली. आता कशाला लपवायचं?

तुम्ही चौकात बसवणार आहात तो आजोबांचा पुतळा मी बघून आले. मूर्तिकाराकडं मुद्दाम गेले होते. आजोबा रुबाबदार झालेत, पटका तर फारच सुंदर. बंदूक उजव्या खांद्याला. घोडाही उजवीकडं. मी म्हटलं, अहो, खरी बंदूक अशी नाही. तर तो म्हणाला, "मी बंदुकीच्या फोटोवरनं डावीकडंच केला होता. आप्पासाहेब स्वतः आले आणि बदलून घेतला."

सोनबाची चूक होती, दारूच्या नशेतली, तर चुकीसकट पुतळा करायचा होता. तुम्ही घोडा सरकवून घेतलात, कारण डाव्या घोड्याला आजोबांसारखा उजव्या हाताचा माणूस शोभत नाही हे तुम्हाला कळलंय. कधीचं कळलंय ते तुम्हीच जाणा.

आता जे लिहायचं टाळत होते ते. मी सहा वर्षांची होते. डाव्या हातानं जेवते म्हणून तुम्ही माझा हात सुतळीनं पाठीमागं बांधायचात. बाबा गेल्यानंतरचे दिवस होते, तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलं, पोरगी उद्या सासरी जाईल, लोक हसतील. मी तेव्हाही रागावले होते, आजही रागावलेली आहे, पण त्याचा हिशेब मागायला हे पत्र नाही. एक दिवस आजी चुलीपुढून उठली, माझी सुतळी सोडली आणि तुम्हाला म्हणाली, "माजा बी बांदतोस का आता?" तुम्ही हसलात. तिला आयुष्यभर उजव्या हातानं जेवताना बघितलेलं, तुम्हाला कळणार कसं? मलाही कळलं नाही. ती ताट घेऊन माझ्या शेजारी बसली आणि डाव्या हातानं भाकरी मोडायला लागली. सगळ्यांसमोर. त्या दिवसापासून माझा हात कुणी बांधला नाही.

एका परक्या मिस्त्रीनं तिचा हात बघून बंदूक बदलली. आपल्या घरानं गोष्टीतलं तिचं नाव बदललं आणि माझा हात बांधला. आणि वर त्या मिस्त्रीलाच दारुडा ठरवलं! हे मी छापायचं नाही? का म्हणून?

प्रकरणाचं नाव "बनाबाईची बंदूक" आहे. ते तसंच राहील.

तरी तुम्ही मोठे आहात, तुम्हाला एक संधी देते. खंडेनवमीला बंदूक खाली काढाल, तेव्हा कुंकू लावायच्या आधी ती उजव्या खांद्याला लावून बघा. डोळे मिटा, लावा, उघडा. दस्त्याला एका बाजूनं गालापुरती खोलगट जागा आहे. तुमचा उजवा गाल तिथं बसला, तर मला फोन करा. मी प्रकरण फाडून तुमच्या हातात देईन आणि सगळ्या भावकीसमोर नाक घासून माफी मागेन.

नाही बसला, तर बंदूक डाव्या खांद्याला लावा. छबूबाई सांगत होती, त्या बाईच्या कडेवर एक पोर होतं. फार किरकिरं. माप घेईपर्यंत छबूबाईनंच ते सांभाळलं, आणि ते सारखं आईकडं हात करत होतं. तुमचे धाकटे भाऊ म्हणजे माझे बाबा, ते तेव्हा जन्मलेलेच नव्हते. घरात पोर एकच होतं. डाव्या बाजूनं गाल टेकवा, आप्पा. तिथं तुमच्या आईचा गाल टेकलेला आहे.

दसऱ्याला येतेच आहे. आपट्याची पानं तुम्हाला कुठल्या हातानं देणार, ते सांगायला नको.

हे सगळं डाव्या हातानं लिहिणारी,
बनाबाईची नात आणि तुमची लेक,
राजेश्वरी