सूज उतरण्याआधीचा फोटो

सोल, ९ नोव्हेंबर

प्रिय मि-रान,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. थंडी पडली आहे. तुझ्या सॉन-हे वहिनीनं या वर्षी किमची कमीच घातली, एक माणूस कमी म्हणून. तुझा गुडघा कसा आहे?

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. येत्या शनिवारी आईचं वर्षश्राद्ध. ‘तो’ फोटो मांडला नाही तर येणार नाही, असा निरोप तू वहिनीकडे ठेवलास. वर्षभरात एवढंच बोललीस, तेही माझ्याशी नाही.

अंत्यविधीत मांडायचा शेवटचा फोटो जिवंतपणी काढून ठेवायला माझी ना नव्हती. सगळेच ठेवतात. पण त्यासाठी सत्तरी उलटलेल्या बाईला आपगुजॉंगच्या त्या सौंदर्योपचाराच्या क्लिनिकमध्ये नेऊन गाल फुगवायला फिलर भरायचं? वर कातडी नव्यानं भरून यावी म्हणून सॅमन माशापासून केलेली इंजेक्शनं? बरं, केलंत. सूज उतरेपर्यंत फोटो काढू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं ना? तुम्ही दोघी त्याच आठवड्यात स्टुडिओत.

झालं काय, अंगातला सणाचा हानबोक आईचा, डोळे आईचे आणि चेहरा कुणा भलत्याच गुबगुबीत बाईचा. अंत्यविधीगृहात लोक आपल्या दालनात डोकावत, फोटो बघत आणि परत बाहेर जाऊन दारावरच्या पाटीवरचं नाव वाचत. बाजारात आयुष्यभर आईच्या शेजारी बसून मासे विकलेली ओक-बुन मावशी तर सरळ शेजारच्या दालनात गेली. तिथल्या कुणा अनोळखी म्हातारीच्या फोटोपुढे कपाळ टेकून धाय मोकलून रडली. शोकाची पट्टी दंडावर बांधून मी तिला आणायला गेलो. तुला हसू आवरेना. मग सगळ्यांदेखत मी तुला नको ते बोललो.

यंदा मी आईच्या ओळखपत्रावरचा जुना फोटो मोठा करून घेतला. काल मावशी श्राद्धासाठी सुकी मासळी घेऊन आली. फोटो बघून म्हणाली, हा कशाला काढलास? मी म्हटलं, यात ती आईसारखी दिसते.

“तिला स्वतःसारखं दिसायचंच नव्हतं रे,” मावशी म्हणाली. “पोटाच्या ऑपरेशननंतर गाल पार आत गेले होते. म्हणायची, लोक फोटोला नमस्कार करतील आणि मान वर करून आधी माझ्या सुनेकडे बघतील. म्हणतील, हिनं म्हातारीला उपाशी मारलं.”

मग सूज उतरेपर्यंत थांबायला काय झालं होतं, असं मी विचारलं.

“मि-रान थांब म्हणत होती. हीच ऐकेना. म्हणे, फुगलेत तोवर काढून घेऊ, पुन्हा बसले तर?”

म्हणजे घाई तुझी नव्हती. तरी तू माझं सगळं ऐकून घेतलंस. वहिनीच्या कानावर जायला नको म्हणून आईनं तुला गप्प बसवलं असणार. पण मला तरी सांगायचं होतंस, बाई! तुम्हा दोघींपुढे मी आयुष्यभर हात टेकले.

वहिनी स्वयंपाकघरात होती. तिला सगळं ऐकू गेलं. तिनं रोज केलेली पेज आई दोन चमच्यांवर बाजूला सारायची, ते तू पाहिलं आहेस. ती हात पुसत बाहेर आली, मला न विचारता जुना फोटो उतरवला आणि कपाटातून तुमचा काढला.

“चार घास जेवला असतात तर हा उपद्व्याप वाचला नसता का, सासूबाई?” असं फोटोलाच म्हणाली, आणि किती तरी वेळ काच पुसत राहिली.

ते गाल मला अजूनही आईचे वाटत नाहीत. पण शेवटच्या महिन्यांत तिचे खरे गालही माझ्याच्यानं बघवत नव्हते. मी तिच्याशी बोलताना खिडकीकडे बघायचो. या फोटोत ती पोटभर जेवून उठल्यासारखी हसते आहे. काल मी बराच वेळ बघितलं.

शनिवारी ये. पहिला नमस्कार थोरल्या मुलानं करायचा, ही रीत मला ठाऊक आहे. काका कुरकुरतील, त्यांना कुरकुरू दे. यंदा तो तू कर.

तुझ्या मागे उभा असलेला,
दादा