लगाम मीच धरणार

३ एप्रिल
साखरपुडा झाला. मुलगी पुणतांब्याची, नाव ज्ञानेश्वरी, स्वभावानं शांत वाटली. पंगतीत तिचा भाऊ राम म्हणाला, दाजी, घोडीवर नीट बसा, मागल्या लग्नात नवरदेवाला दोघांनी धरून ठेवलं हुतं. सगळे हसले. तीही हसली. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, घोडीवाल्यानं लगाम धरायचा नाही, मीच धरणार. तिनं एकदा वर पाहिलं. बास. आता माघार नाही.

५ एप्रिल, सकाळी
सगळा खेळ ग्रिपचा. घाम आला की लगाम सटकतो, असं व्हिडिओत आहे. उपाय: ग्लोव्ह्ज. मोबाईल दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक व्हिडिओ संपेपर्यंत थांबलं नाही. जाऊ दे.

८ एप्रिल
काष्टीचा बाजार पालथा घातला. ऊसतोडीचे रबरी ठिपक्यांचे हातमोजे: ग्रिप आहे, रुबाब नाही. विकेटकीपरचे: रुबाब आहे, मूठ मिटत नाही. बुलेटवाल्यांचे: बोटं अर्धी उघडी. अर्धवट काम मला चालत नाही. शेवटी ऑनलाइन मागवले. खास घोडेस्वारीचे, काळं चामडं, करंगळीजवळ डबल शिवण.

१४ एप्रिल
पार्सल आलं. थोडे घट्ट आहेत. घट्ट म्हणजेच ग्रिप. आई म्हणाली, आरं, मोजं काय बघतो, येकदा घोडीवर बसून तरी बघ. आईला टेक्निकल बाजू कळत नाही. बसायला काय, कुणीही बसतं.

१५ एप्रिल
ट्रायल. घोडी नव्हती म्हणून म्हैस घेतली. दावं दोन्ही हातांनी धरलं. म्हैस उकिरड्यापर्यंत गेली, मीही गेलो. पण दावं सुटलं नाही! गुडघे सोलले, तो ग्लोव्ह्जचा दोष नाही.

२२ एप्रिल
घोडीवाल्या परवेझभाईला फोन. म्हणे, नवरदेव, लगाम माझ्याकडं ऱ्हाऊ द्या, तुमी निस्तं बसा. मी ठाम नकार दिला. मग म्हणाला, बरं धरा, पण ही नाचायची घोडी हाय, लगामाचं येक सांगतो ते ऐका. लगामाचं मला कुणी शिकवू नये. फोन ठेवला.

२८ एप्रिल
ज्ञानेश्वरीचा फोन. हौस करा, पण मुहूर्त चुकवू नका, आमच्या आजोबांच्या मनाला लई लागतं, म्हणाली. आवाजात काळजी होती. म्हटलं, निर्धास्त राहा. माझी तयारी पूर्ण आहे.

४ मे, सकाळी
आज लग्न. हळदीनं हात चिकट झालेत. मोजे आई आणि मावशीनं मिळून चढवले. बोटं वाकत नव्हती, आता वाकली आहेत ती सरळ होत नाहीत. उत्तम.

५ मे
जे घडलं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर लोक भलतंच सांगतील.
मारुतीचं दर्शन झकास झालं. मांडवाच्या कमानीपाशी बँड जोरात सुरू झाला आणि घोडी नाचायला लागली. थांबवायला लगाम ओढला. ती मागच्या पायांवर उभी राहिली. आणखी ओढला, आणखी नाचली. तिला म्हणे तसंच शिकवलंय: लगाम ओढला की नाचायचं, ढिला सोडला की चालायचं. हे आधी सांगायला नको? परवेझभाई खालून ओरडत होता, सोडा, सोडा! ग्रिप अशी होती की सोडता येईना. वऱ्हाडाला वाटलं मी हौसेनं नाचवतोय. बँडवाल्यांना चेव आला. मांडवात लोकांच्या मुठीत अक्षता घामेजल्या. गुरुजी माईकवरून हाका मारत राहिले. मुहूर्त टळला.
शेवटी ज्ञानेश्वरीच बाहेर आली. शालू खोचलेला, कपाळाला मुंडावळ्या. बँड बंद करायला लावला. मेंदीच्या हातांनी माझं एकेक बोट सोडवलं, लगाम ढिला धरला आणि घोडीला मांडवात घेऊन गेली. वर मी. आजोबा तोंड फिरवून बसले होते. लाज वाटली, खोटं कशाला लिहू.
तरी नमूद करतो: मी पडलो नाही. लगाम सुटला नाही.

९ मे
ग्लोव्ह्ज सापडत नव्हते. सकाळी चुलीपाशी दिसले. ज्ञानेश्वरी ते घालून दुधाचं पातेलं उतरवत होती. ग्रिप चांगली हाय, म्हणाली. शेवटी मान्य केलंच! मग ते काढून माझ्या हातात दिले आणि उद्यापासून सकाळचं दूध तुमी उतरवा, म्हणाली.
उतरवीन. त्यात काय? कुणी मदतीला यायचं नाही. पातेलं मीच धरणार.