काजूच्या टरफलांची ऊब

प्रिय दादा,

तुझं तेरावं होऊन आठ दिवस झाले आणि आज सकाळी वहिनीने पडवीत पुन्हा तीच शेगडी पेटवली. मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. हे भांडण खरं तर तुझ्याशी आहे, म्हणून तुलाच लिहायला बसलो आहे.

आपला कारखाना म्हणजे तरी काय? सावंतवाडीतल्या घराची मागची पडवी. तिथे तू पांगाऱ्याच्या लाकडाचे आंबे, केळी, सीताफळं घडवायचास आणि वहिनी रंगवायची. पौषात आंबोलीकडून गार वारा उतरला की रंगात घालायचा सरस वाटीतच थिजायचा. रंग लाकडावर ओला तो ओलाच राहायचा.

आपल्या वडिलांनी, अण्णांनी, यावर कधी काही पेटवलं नाही. थंडीत ऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येईपर्यंत ते रंगाला हातच लावायचे नाहीत. तोवर लाकूड तासायचं, पेज जेवायची. मग सगळी मांडामांड खळ्यात, उन्हाला पाठ करून. तुला ते कधी पटलं नाही. "सूर्य येतलो तेव्हा आमी रंगवतलों? दिस खंय आसा तेवढो?" असं तू त्यांच्या तोंडावर म्हणायचास. ते हसायचे. तू नाही हसायचास.

ते गेल्यावर तू पडवी बंदिस्त करून आतच ऊब करायचं ठरवलंस. कोळसा परवडत नव्हता, नारळाची सोडणं काथ्यावाले नेत. मग तुला काजूच्या कारखान्यामागचा ढीग दिसला. भाजून फोडलेली काळी टरफलं, न्याल तेवढी फुकट. तेलाच्या रिकाम्या डब्याला आतून माती लिंपून तू शेगडी केलीस. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटींत गोणपाट कोंबलंस. काजूच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की ती भाजते, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागतं? पण तू म्हणालास, "भाजलेली आसत रे, त्यातला त्याल कधीच गेला!" गेलं नव्हतं, दादा. सगळं गेलं नव्हतं.

आणि मग मी आलो!

मी लिहितो त्या साप्ताहिकाला घरगुती सदर हवं होतं आणि मजकूर दुपारच्या एस.टी.ने जायचा होता. मी पडवीत पंधरा मिनिटं उभा राहिलो, तेही दाराशी, दार उघडं ठेवून. बाहेर गारठा, आत छान ऊब. तुझ्याच पाटावर बसून लिहून काढलं, 'थंडीत घरचा कारखाना उबदार ठेवण्याचा फुकटचा उपाय.' उन्हाची वाट पाहत हातावर हात धरून बसणाऱ्यांना एक टोमणाही मारला. तो टोमणा अण्णांना होता, हे लिहिताना माझ्या ध्यानातही आलं नाही. तुझ्या मात्र आलं असणार. केवढा खूश झाला होतास तू!

कात्रण तू भिंतीवर डकवलंस. पुढच्या वर्षी तुझा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर कसला करता?" तू ऐटीत म्हणालास, "धूर नाय, डॉक्टर, ऊब! पेपरात इला हा ता!" डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं.

कारण मला कळलं होतं. त्याआधीच्या खेपेला तासभर तुझ्याशेजारी बसलो, तर डोळे चुरचुरले आणि रुमालावर काळं आलं. तेव्हाच दुरुस्ती छापायला हवी होती. तुला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. त्या मजकुराखाली माझं नाव होतं.

पण तूही कसला रे हट्टी! रात्रभर खोकायचास आणि सकाळी पुन्हा डबा भरायचास. वहिनीचे डोळे गळायचे ते तुला दिसत नव्हते? एकदा तरी विचारायचंस, बाळा, तू लिहिलंस ते खरं ना रे? मी खोटं बोललो नसतो. निदान असं मला आज वाटतं.

सकाळी वहिनीला म्हटलं, "ह्या धुरानेच दादा गेला."

तिने ब्रश खाली ठेवला नाही. आंबा अगदी नाकाजवळ धरून रंगवत होती. तिला आता तसाच दिसतो. "भावजी, भिंतीवर लिवलेला कोणाचा?"

"माझंच. पण ते चुकलं."

"तेव्हा छापलात. आता ह्ये गेले, तर तुमी माका नुसत्या तोंडान सांगतात? ह्येंनी सहा वर्सां त्या कागदार इस्वास ठेवलो. मी तो एका सकाळी खोटो करू?" मग तिला खोकला आला. अगदी तुझ्यासारखा, आधी बारीक, मग थांबेचना.

तिला तुझा शब्द खाली पडू द्यायचा नाही, दादा. तू माझ्यावर ठेवलेला विश्वास ती आता छातीत धूर भरून घेत सांभाळते आहे. तू गेलास, तिला कशाला बरोबर नेतोस?

दुपारी मी खिडकीतलं गोणपाट ओढून काढलं आणि झडपाच बिजागरीतून उचलल्या. वहिनी माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही.

तुला वचन देतो. येत्या अंकात, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहीन की तो उपाय चुकीचा होता, माझा भाऊ त्याने गेला आणि मला आधी कळलं असून मी गप्प राहिलो. सरसाची वाटी गरम पाण्यात ठेवावी, खिडक्या उघड्या टाकाव्यात, रंगाचं काम उन्हात करावं, हेही लिहीन. अंक टपालाने धाडणार नाही. स्वतः घेऊन येईन आणि वहिनीसमोर बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन, खाली छापलेल्या माझ्या नावासकट. तिने मला घराबाहेर काढलं तरी चालेल. आधी तिने त्या पडवीबाहेर यायला हवं.

तुझ्यावर अजून रागावलेला,
बाळा