गोदीचं वय

सोम., १२ जाने. १९३१
चौथीच्या मुलींना लग्नाचा नवा कायदा सांगितला. क्रमिक पुस्तकात नाही, वर्तमानपत्रातून मीच. चौदाच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा. गोदी उठली, "माह्या बाबाले माहीत आहे का, बाई?" मुली हसल्या, मीही. म्हटलं, घरी जाऊन सांग की!

बुध., १४
संक्रांत, सुट्टी. शेजारी हळदीकुंकू. विधवेला कोण बोलावतं? दार लोटून वह्या तपासल्या. संपल्या तरी दुपारच. तिळगूळ मीच आणला, मीच खाल्ला, स्वतःलाच म्हटलं गोड बोल. कसलं काय! रडू आलं.

शनि., १७
गोदी तीन दिवस नाही. मुलींना घरोघरून आणायला रखमा जाते. तिला दारातूनच वापस पाठवलं. तीच सांगत होती, "पाहुणे आल्ते पाहाले. बापानं वय चौदा सांगतलं. पोट्टी ताट ठेवता ठेवता बोलली, बारा आहे, शाळेत लिहून आहे, अन् असं लगन गुन्हा होते. पाहुणे तसेच उठले. लय मारलं जी तिले."
मी "सांग" म्हटलं. मार तिनं खाल्ला.

मंगळ., २०
गोदीचे वडील बापूराव आले. इतवारीत धान्याचं दुकान, शिवाय आमच्या शाळा-कमिटीवर. रागावतील वाटलं होतं, तर अगदी मऊ. पाहुणे पुन्हा तयार आहेत, पण कोर्टाच्या भीतीनं शाळेचा दाखला मागतात. "साल दोनानं मागं घ्या, बाई. एक आकडा तं आहे. काहून एवढं मनाले लावून राहिल्या?"
नाव घातलं तेव्हा तिच्या आईला जन्मतारीख सांगता येईना. 'तान्ह्या पोळ्याच्या दिवशी' एवढंच. तारीख मी पंचांग पाहून टाकली. पण साल पक्कं, बारा म्हणजे बाराच.
नाही म्हटलं. "मंग नोकरीचं पाहा," म्हणून गेले.

गुरु., २२
नोकरी गेली तर भंडाऱ्याला दिरांकडे. वाती वळायच्या आणि जावेची बोलणी खायची. ती शेवटी म्हणेलच, शिकून काय दिवे लावले?
रजिस्टर तीनदा उघडलं. चाकूनं शाई खरवडता येते, आधीच्या हेडबाई खरवडत. तिन्ही वेळा तसंच मिटून ठेवलं. याला बाणा म्हणायचं की भित्रेपणा, माझं मला कळेना. विचारू तरी कोणाला?

मंगळ., २७
रखमा बातमी घेऊन आली. "संस्थानात नेऊन राहिले जी तिले. तिकडं इंग्रजाचा कायदा चालत नाही म्हणते. शुक्रवारची गाडी आहे."
म्हणजे दाखल्याची गरजच उरली नाही. पाच दिवस झोप नाही, आणि माझं हो-नाही कोणाला नकोच होतं. बापूराव रस्त्यात भेटले, हसून नमस्कार केला. नोकरी राहिली वाटतं. त्याचीच लाज वाटली.
वर्गात नकाशा शिकवला. गोदीच्या जागी कोणी बसलं नाही, मीही बसवलं नाही.

गुरु., २९, सायंकाळ
रखमा भांडी घासायच्या निमित्तानं त्यांच्या घरात शिरली, चिठ्ठी घेऊन आली. वहीचं फाडलेलं पान, अक्षर रेघेवर, मी वळण लावलेलं.
"बाईंस सा. न. तुम्ही सांगितलं तसं मी बोलले. आता पुढं काय बोलायचं ते लिहून द्या. गाडी उद्या आहे. गोदी."
रखमा दारात उभी आहे. "लवकर लिवा जी बाई. अंधार पडल्यावर मले आत नाही घेत."
कागद पुढ्यात आहे. त्यावर 'चि. गोदीस' एवढंच झालंय, आणि मी मात्र ही वही भरत बसले